शेटे बाईंना चढत न्हाई

परवा सकाळी दोघीजणी माझ्या दारात आल्या. एक आमच्या गल्लीतल्या गोदाकाकू आणि दुसरी त्यांची सून. सुनेचा उजवा डोळा सुजून पार मिटला होता आणि त्याच्याभोवती चुना थापलेला होता.

"संगीताबाई, शाळेच्या टाकीखाली गांधिलीनं पुन्हा पोळं धरलंय," काकू म्हणाल्या. "चला बरं. तुमी शेटे बाईंच्या हाताखालच्या. तुमालाबी चढत नसंल."

"काकू, मला चढतं. सगळ्यांना चढतं. शेटे बाईंनाही चढायचं."

काकू हसल्या. "काईबी सांगू नका. आमी ह्या डोळ्यांनी बघितलंय. त्या बाईला लय चावल्या, पर विख कधी चढलं न्हाई. तिला ऊन लागलं, म्हणून गेली."

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, सुनेच्या डोळ्यावरचा चुना धुऊन काढला. पण काकूंना मी काय सांगायला हवं होतं, ते सांगता आलं नाही. चार उन्हाळे मी गप्प आहे. बाईंनी माझ्याकडून तसा शब्द घेतला होता. आज तो मोडते आहे, कारण आता गाव त्याच टाकीवर चढायला दुसरं माणूस शोधायला लागलं आहे.

पाथरी रस्त्याला आमचं गाव आहे. शेटे बाई इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या तेव्हा मी तिसरीत होते. त्यांच्याबरोबर एक लोखंडी पेटी आणि मोगऱ्याच्या दोन कुंड्या, एवढंच सामान होतं. शाळेच्या कुंपणाला लागून एक दोन खोल्यांचं घर रिकामं होतं. मागे पाऊण गुंठा पडीक जागा होती, काचा आणि काटेरी झुडपांनी भरलेली. ते घर कुणी भाड्यानं घेत नव्हतं. बाईंनी घेतलं ते मागच्या जागेसाठी. नवऱ्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि त्यांना विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

दोन वर्षांत त्या जागेवर दोडका, काकडी, वांगी, कढीपत्ता, एक लिंबोणी आणि एक बेलाचं झाड उभं राहिलं. बेल त्यांच्या पूजेचा. रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्या पाच मिनिटं डोळे मिटून बसत. मग एक बेलाचं पान. मग बाग. मग शाळा. हा क्रम कधी बदलला नाही.

आमच्याकडे मे महिन्यात सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. विहिरी तळाला जातात, नाले फुटक्या मडक्यासारखे कोरडे पडतात. अशा वेळी गावात एकच जागा ओली असे, ती म्हणजे बाईंची बाग. आणि जिथं ओल असते तिथं गांधीलमाश्या येतात. तांबड्या पिवळ्या, लांब कमरेच्या. वाफ्यातल्या ओल्या मातीवर बसतात, पाणी तोंडात घेतात आणि पोळ्याकडे नेतात. पोळं गार ठेवायला त्यांना ते लागतं, हे मला बाईंनीच सांगितलं. दुपारी त्यांच्या मागच्या खोलीत बसलं की खिडकीतून एक बारीक, एकसारखा आवाज यायचा. पंख्याचा नव्हे, कारण वीज तर गेलेली असायची. मला तो आवाज ऐकला की पाय वर घ्यावेसे वाटत.

बाईंचे बागेतले नियम ठरलेले होते. अंगावर वडिलांचा जुना, लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, साडीवरच. डोक्याला धोतराचा तुकडा. केसाला वासाचं तेल नाही, गजरा नाही. पाणी द्यायचं ते दिवस फटफटायच्या आत. कुदळीनं खणायचं नाही, खुरप्यानं हळूहळू उकरायचं, कारण धक्का बसला की झुडपातलं पोळं जागं होतं. "हात हळू, पाय हळू, श्वास नाकानं," असं त्या म्हणायच्या. एखादी माशी मनगटावर येऊन बसली तर त्या तिच्याकडे बघत उभ्या राहायच्या, बस थांब्यावर उभं राहावं तशा. ती उडाली की पुन्हा खुरपं चालू.

आणि सगळ्यात महत्त्वाची होती ती पाणपोई. हे नाव माझ्या बापानं टिंगलीनं ठेवलं आणि गावानं उचललं. बागेच्या पार टोकाला, भिंतीकडेला, कडुनिंबाच्या सावलीत एक पोचे आलेली परात ठेवलेली असे. तीत खडी, आणि खडी बुडेल न बुडेल इतकं पाणी. माश्यांना खड्यावर बसून पिता यावं म्हणून. बाई ते पाणी रोज सकाळी फेकून नवं भरायच्या. त्यांच्या वडिलांची मोसंबीची बाग होती, ते असंच करायचे म्हणे. परात भरली की माश्या वाफ्यांकडे फिरकत नसत. बागेत एक न दिसणारी वाट पडलेली असे, कडुनिंबापासून भिंतीवरून बाहेर. त्या वाटेवर आम्ही पाय ठेवत नसू.

"बाई, माणसाला प्यायला टँकर आणि तुमी माश्यायला पाणी पाजायलाव," माझा बाप कुंपणावरून म्हणायचा.

"त्यांना इथं पाजलं म्हणून त्या तुमच्या रांजणावर येत न्हाईत, दगडूभाऊ. हिशेब तुमच्याच फायद्याचा हाय."

वर्गात बाई छापील मराठी बोलत. बागेत आणि कुंपणावर त्यांची भाषा आमच्यासारखी होई.

'चढत न्हाई' हे कसं सुरू झालं, ते मला आठवतं. त्या आल्या त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेच्या फाटकावर पोळं धरलं होतं. शिपाई जवळ जाईना. बाईंनी पहाटे पोत्यात हात घालून ते काढलं आणि त्यांना तीन माश्या चावल्या. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजलेला असताना त्या वर्गावर आल्या आणि पूर्ण तास घेतला. पोरांनी घरी जाऊन सांगितलं. आमच्या भागात अशी एक समजूत आहे की ज्याला पुष्कळ वेळा चावली, त्याचं अंग विख पचवायला शिकतं. सुतारकाम करून हाताला घट्टे पडतात तसे रक्तालाही घट्टे पडतात, असं माणसं धरून चालतात. पुढच्या तीन-चार वर्षांत बाईंनी गावातली बारा-पंधरा पोळी काढली, आणि समजूत पक्की झाली.

माझी आई सांगते, त्याआधी एक माणूस रोज संध्याकाळी बाईंच्या कुंपणाशी उभा राहून खाकरायचा. गाणीही म्हणायचा. फाटकावरचं पोळं निघालं त्या आठवड्यापासून तो दिसला नाही. मी मोठी झाल्यावर एकदा बाईंना याबद्दल विचारलं. त्या वांग्याच्या झाडाची कीड वेचत होत्या.

"लोक मला भीत न्हाईत गं, संगे. माझ्या अंगातल्या विखाला भितात," त्या म्हणाल्या. "भिऊ दे. कुंपण घालायला मला पैसा लागला न्हाई."

पोळं काढताना त्या काहीतरी पुटपुटत. बायका म्हणत, बाईंना मंत्र येतो. एकदा मारुतीच्या पारावरचं पोळं काढायचं होतं, तेव्हा गोदाकाकूंनी सरळच विचारलं.

"बाई, आमाला तरी सांगा की मंत्र. का गुरूनं मना केलंय?"

"सांगते की. एकोणीस एके एकोणीस."

"अन् पुढं?"

"एकोणीस दुणे अडतीस. पुढचं तुमच्या नातवाला विचारा. त्याला आलं न्हाई तर उद्या माझ्याकडं पाठवा."

खरोखरच त्या एकोणिसाचा पाढा म्हणत. श्वास एका लयीत राहतो आणि हात घाई करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्गातही त्यांचा नियम होता की पाढा अर्धा सोडायचा नाही. चुकला तर चुकू द्या, पण दहापर्यंत जायचं. घंटा झाली तरी त्या उठू देत नसत.

चावल्यावर गावात जे जे करतात त्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. "लोखंड घासा, कांदा चोळा, चुना लावा, माझं काही म्हणणं न्हाई. फक्त आधी तिथून लांब जा. पळू नका. आणि जीभ जड झाली, श्वास लागला, तर चुना ठेवा बाजूला आणि जीप बोलवा." हे शेवटचं वाक्य त्या सगळ्यांना सांगत. ते कुणी मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नव्हतं.

माझी पदवी एका गांधीलमाशीच्या पोळ्यावर मिळालेली आहे, असं मी म्हणते तेव्हा कॉलेजातल्या मैत्रिणी हसतात. पण ते खरं आहे. मी दहावी पास झाले तेव्हा आमच्या घरात त्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बापानं सांगून टाकलं, आता बास. बाईंनी तीनदा समजावलं, तो ऐकेना. त्याच महिन्यात आमच्या गोठ्यात आढ्याला हंडीएवढं पोळं धरलं. बैल आत जाईनात. बाप बाईंच्या दारात गेला.

बाई खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "संगीचा अकरावीचा फॉर्म आणलाय मी. सही करा, मग येते."

"बाई, हे न्हाई बरं. पोळ्याचा अन् फॉर्माचा काय संबंध?"

"काहीच न्हाई. तसंच माझा अन् तुमच्या गोठ्याचा काय संबंध?"

बाप दोन दिवस थांबला. बैल दोन दिवस उन्हात उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यानं सही केली, आणि चौथ्या पहाटे बाई आमच्या गोठ्यात आल्या. खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या कानामागे एक माशी चावलेली होती. आईनं विळा आणला, त्यावर घासायला. बाई हसत होत्या, पण एका हातानं त्यांनी खांब धरला होता. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. पहाटेची वेळ असूनही त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं. आईला वाटलं, चढ-उतार केल्यानं दमल्या असतील.

पुढं पाच वर्षं मी परभणीला राहिले. बी.एस्सी. झाले. निकालाची गुणपत्रिका घेऊन गावात उतरले ती घरी न जाता आधी बाईंकडे गेले. जून संपत आला होता, पाऊस अजून नव्हता, सकाळचे दहा वाजले असतील. दार उघडं होतं. हाक मारली, उत्तर आलं नाही.

बाई न्हाणीच्या दगडाला टेकून बसल्या होत्या. शर्ट अजून अंगावर होता. ओठ ओळखू येऊ नयेत इतके सुजलेले, हातांवर लाल चट्टे उठलेले, आणि श्वासाचा आवाज असा की कुणीतरी ओलं पोतं ओढतंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आधी एक बोट ओठांवर ठेवलं. नंतर रस्त्याकडे हात केला.

मी जीप आणली. जीपवाल्याला त्यांनीच खुणेनं सांगितलं, पोट दुखतंय. पाथरीच्या दवाखान्यात तीन तास सलाइन चढलं. दुपारी डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली.

"बाई, तुम्ही स्वतः विज्ञान शिकवता. शरीराला याची सवय होत नाही. काही माणसांचं शरीर दर वेळी जास्त चिडतं. तुमचं तसं आहे. किती वर्षांपासून जास्त होतंय?"

"पाच," बाई म्हणाल्या. मला गोठ्यातला खांब आठवला.

"आता पुढची चावली तर इथपर्यंत येणं होईलच असं मी सांगू शकत नाही. बाग सोडा."

बाईंनी मान डोलावली. ती मान कशी डोलावली होती, ते मी ओळखत होते. आम्ही वर्गात न समजता अशीच डोलवायचो.

डॉक्टरांनी काचेच्या चार लहान कुप्या आणि सुया दिल्या. चावली की लगेच मांडीत एक टोचायची आणि तसंच दवाखान्याकडे निघायचं. घरी आल्यावर बाईंनी त्या आपल्या आईच्या पितळी पानाच्या डब्यात ठेवल्या आणि डबा माठाखालच्या ओल्या वाळूत पुरला, गार राहावा म्हणून. मग बागेतून एक मोठं वांगं तोडून आणलं.

"ती वेळ आली तर मला माझ्या हातानं जमणार न्हाई. तू शिक."

त्या दुपारी मी साध्या पाण्यानं भरलेली सुई वांग्यात अकरा वेळा टोचली. बाई शेजारी बसून सांगत होत्या, सरळ धर, थरथरू नको, वांगं ओरडत न्हाई. अकराव्या वेळी त्या म्हणाल्या, "पास." आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "गावात कुणाला बोलायचं न्हाई. आईलासुद्धा न्हाई. शब्द दे."

"बाई, पण कळलं तर लोक तुम्हाला बोलवणार तरी नाहीत."

"बोलवणार न्हाईत. आणि दुसऱ्या दिवसापास्नं कुंपणाशी कोण खाकरंल, ते तुला ठाऊक न्हाई. मला ठाऊक हाय."

मी शब्द दिला.

बाग त्यांनी सोडली नाही. पण त्यानंतर त्या पोळं काढायला गेल्याही नाहीत. कधी गुडघा दुखे, कधी पेपर तपासायचे असत. पुढच्या वर्षी मला शाळेतच तासांवर काम मिळालं आणि मी रोज सकाळी बागेत त्यांच्याबरोबर असे. डबा कुठं आहे ते आधी बघायचं, मग खुरपं उचलायचं. परात भरलेली असली की माश्या आपल्या वाटेनं जात होत्या. मला वाटायला लागलं होतं, असंच चालेल.

त्या मे महिन्यात बाई आठ दिवसांसाठी भावाकडे लग्नाला गेल्या. जाताना बाग माझ्यावर सोपवली. वाफ्यांना किती पाणी, लिंबोणीला किती, सगळं सांगितलं. शेवटी फाटकातून परत आल्या. "आणि परात. बाकी एखादं चुकलं तरी चालंल."

त्याच आठवड्यात डेंग्यूसाठी गावात 'कोरडा दिवस' पाळायचं ठरलं. घरोघर पत्रकं वाटायचं काम माझ्याकडे होतं. साठवलेलं पाणी ओता, भांडी पालथी घाला, असं मी दारोदार सांगत फिरले. मी शिकलेली होते, लोक माझं ऐकत होते, मला ते आवडत होतं. गोदाकाकूंनी मला अडवलं. "आमाला सांगायलीस, अन् तुझ्या बाईंची ती पाणपोई? तिथं काय डास न्हाईत व्हय?"

मला लाज वाटली. मी जाऊन परात ओतली आणि भिंतीला उभी करून ठेवली. पाणी रोज बदललं तर त्यात डास होत नाहीत, हे त्याच पत्रकात खालच्या ओळीत छापलेलं होतं. मी वरचीच ओळ वाचत फिरत होते.

पहिले दोन दिवस माश्या कोरड्या खडीवर येऊन बसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या वाट सोडून वाफ्यांवर फिरताना दिसल्या. पाचव्या दिवशी त्या कुठंच दिसेनात, आणि मला बरं वाटलं.

बाई आल्या. फाटकातच थांबल्या. त्यांची नजर आधी भिंतीला टेकवलेल्या परातीवर गेली, मग कडुनिंबाकडे. त्या कान देऊन ऐकत होत्या. बागेत काहीच आवाज नव्हता.

"कोरडा दिवस होता," मी म्हणाले.

"डासांचं वाचलंस, ह्यांचं वाचायचं राह्यलं," त्या शांतपणे म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ओल सोडून त्या राहत न्हाईत. कुठं तरी गेल्या असतील. बघू, कुठं निघतात."

निघाल्या त्या शाळेच्या टाकीखाली. टाकीच्या सज्जाखालचा नळ गळत होता आणि तिथंच अर्ध्या गावाच्या बायका पाणी भरत. दोन दिवसांत पाचजणींना चावलं. त्यांतली एक गोदाकाकूंची हीच सून, तेव्हा सात महिन्यांची गरोदर. हंडा टाकून पळताना पडली, थोडक्यात निभावलं. पिण्याच्या पाण्याची टाकी, त्यामुळे औषध फवारता येत नव्हतं. खाली प्लास्टिकचे पाइप, त्यामुळे जाळही करता येत नव्हता. हातानंच काढायला हवं होतं.

संध्याकाळी माणसं बाईंच्या अंगणात आली. पुढं किसनराव, शाळेच्या समितीचे अध्यक्ष. "बाई, आता गुडघ्याचं नका सांगू. लेकरंबाळं पाण्यावाचून राहतील. तुमच्याबिगर कोण हाय? तुमाला तर चढत न्हाई."

मी बाईंच्या मागे दारात उभी होते. तोंड उघडलं. बाईंनी मागे न बघता हात माझ्या दिशेनं केला, वर्गात गप्प बसवायच्या तसा.

"उद्या पहाटे शिडी आणून ठेवा," त्या म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मी म्हणाले, "मी चढते, बाई. चूक माझी आहे."

"तुला आजवर किती चावल्या?"

"एक."

"मग तू माझ्याच वाटेच्या पहिल्या पायरीवर हायेस. खाली थांब. डबा हातात ठेव." त्या मोजे शोधायला वळल्या. "आणि चूक तुझी न्हाई. एवढी वर्षं गावाला जे वाटतंय ते वाटू दिलं मी. त्याचं मोल कधी तरी भरावं लागणार होतं."

पहाटे पाच वाजताही हवेत गारवा नव्हता. शर्ट, धोतराचा तुकडा, त्यावर मच्छरदाणीचं कापड, हातात जाड मोजे. बाह्या मी सुतळीनं बांधल्या. बांधतानाच शर्ट घामानं त्यांच्या पाठीला चिकटलेला मला दिसला. कापड अंगाला चिकटलं की माशीची नांगी आरपार जाते, हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. किसनरावांनी शिडी धरली. लांब अंतरावर वीस-पंचवीस माणसं उभी होती, हंडे घेऊन.

बाई चढल्या. सज्जाखाली पोचल्यावर त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. ओलं पोतं हळूहळू वर गेलं. एकोणीस चोक शहात्तर. पोतं पोळ्याखाली आलं. एकोणीस सक एकशे चौदा. मनगट वळलं, पोळं देठासकट पोत्यात आलं. दोन-तीन माश्या बाहेर राहिल्या होत्या आणि बाईंच्या मानेभोवती फिरत होत्या.

एकोणीस साते.

तिथं आवाज थांबला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. एखादा श्वास असेल. खाली कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"एकशे तेहतीस," बाई म्हणाल्या, आणि पोत्याचं तोंड आवळलं.

पुढचं मी थोडक्यात सांगते. इंजेक्शन मी त्यांच्या घरात, माठाजवळ, दाराला कडी लावून दिलं. सुई सरळ धरली. दहा मिनिटांनी दुसरं दिलं. जीप आली, आम्ही निघालो, पाथरीचा अर्धा रस्ता मागे पडला तेव्हा त्या गेल्या. गावात परत आल्यावर किसनराव म्हणाले, ऊन लागलं असणार, नुकत्याच प्रवास करून आल्या होत्या. मी मान डोलावली. दिलेला शब्द होता.

पण बाई मला जीपमधल्या आठवत नाहीत. त्या आठवतात टाकीपासून घरापर्यंतच्या.

त्या शिडीवरून उतरल्या, घाई न करता, एकेक पायरी. पोतं किसनरावांच्या हातात दिलं. "टोपात पाणी घ्या, अन् बुडवून ठेवा," एवढं नीट बोलल्या. मग घराकडे निघाल्या. टाकीपासून त्यांचं फाटक शंभर पावलांवर असेल. मी मागून निघाले तर त्यांनी मान न वळवता सांगितलं, "पळू नको." त्या चालत होत्या आणि मोठ्यानं पाढा म्हणत होत्या. एकोणीस आठे एकशे बावन्न. आवाज जाड झाला होता, जीभ वळत नव्हती, पण लांबून ऐकणाऱ्याला ते गमतीनं म्हटल्यासारखं वाटत होतं. बायका हसायला लागल्या. पुढं होऊन हंडे नळाखाली लावायला लागल्या. "बघा माय," गोदाकाकू सुनेला म्हणत होत्या, "एवढ्या माश्या, अन् बाईला काई तरी झालं का?"

एकोणीस नव्वे. पुढचा आकडा ऐकू आला नाही, फक्त ओठ हलले. फाटकाची कडी त्यांना दोनदा सापडली नाही. तिसऱ्यांदा सापडली. आत गेल्यावर त्या बेलाच्या झाडाला हात लावून उभ्या राहिल्या, आमच्या गोठ्यातल्या खांबाला लावला होता तसा, आणि वळून एक हात वर केला, सावकाश. तो हात माझ्यासाठी होता.

टाकीवरच्या सगळ्या बायकांनी हात हलवून त्यांना उत्तर दिलं. मी डब्याचं झाकण उघडत होते.